लँबिक-सेझाँ संमिश्र बिअर
लँबिक-सेझाँ संमिश्र बिअर : बेल्जियममधील लँबिक व सेझाँ या दोन जुन्या बिअर प्रकारांचे मिश्रण लाकडी पिंपात मुरवून तयार केलेले आंबट, कोरडे व फेसाळ पेय. हे दोन्ही प्रकार भिन्न परंपरांतील आहेत. लँबिक ही ब्रसेल्स शहरात आणि त्याच्या नैर्ऋत्येस झेन नदीच्या खोऱ्यात व लगतच्या पायोटनलांड या ग्रामीण भागात होते. सेझाँ ही मुख्यतः फ्रान्सच्या सीमेलगतच्या एनो प्रांतातील शेतवाड्यांवरची बिअर होय. लँबिकमध्ये यीस्ट बाहेरून घातले जात नाही. सेझाँमध्ये ते घातले जाते. दोहोंचे मिश्रण पिंपातून पुनःपुन्हा चाखून सिद्ध करणे ही अलीकडील काळातील हौस आहे, असा सर्वसाधारण समज आहे. तथापि मिश्रण करणे आणि चाखणे ही या प्रदेशातील व्यवसायाची फार जुनी साधने आहेत. विसाव्या शतकात हा व्यवसाय जवळजवळ बुडाला आणि पुन्हा सावरला, तो बव्हंशी मिश्रणात काय घालावे व त्याला काय म्हणावे, या प्रश्नावरूनच.

लँबिक तयार करण्यासाठी सातूचा माल्ट व न अंकुरलेला गहू वापरतात. गव्हाचे प्रमाण कमीत कमी तीस टक्के असावे लागते. धान्याचा काढा हॉपसह कित्येक तास उकळतात. येथे वापरावयाचे हॉप मुद्दाम दोन-तीन वर्षे ठेवून जुने केलेले असतात. त्यांतील कडूपणा बराचसा निघून गेलेला असतो, परंतु काही जंतूंना आळा घालण्याचा त्यांचा गुण शिल्लक राहतो. उकळलेला काढा सायंकाळी छपराखालच्या मोठ्या, उथळ व उघड्या तांब्याच्या टाकीत सोडतात व रात्रभर निवू देतात. या रात्रीत हवेतील, छपराच्या तुळयांवरील व भिंतींवरील सूक्ष्मजीव त्यात उतरतात. सकाळी तो ओकच्या किंवा चेस्टनटच्या लाकडाच्या पिंपांत भरला की, पुढील काम पिंप स्वतःच करते. पिंपाच्या लाकडात पूर्वीच्या बिअरमधील जीव वस्तीला असतातच. त्यामुळे केवळ हवेला सर्व श्रेय देणे बरोबर नाही. थंड रात्री आवश्यक असल्याने हे काम साधारणतः ऑक्टोबर ते एप्रिल या काळातच होते. उन्हाळ्यात हवेतील अनिष्ट जंतू वाढतात व काढा नासतो.

कोकणातील माडीची आठवण येथे साहजिकच होते. तीही बाहेरचे विरजण न लावता आंबते. परंतु माडी काही तासांत चढते व लवकरच शिरक्याच्या वाटेला लागते. लँबिकला एक ते तीन वर्षे लागतात. एवढ्या काळात पिंपात काय घडते, याचा उलगडा बेल्जियममधील लव्हन विद्यापीठात व्हेराख्टर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला (१९७७). पहिल्या महिन्यात आतड्यांतील जंतूंच्या कुळातील जंतूंचे प्राबल्य असते. नंतर नेहमीचे यीस्ट साखरेचे अल्कोहॉल करते व त्यात तीन-चार महिने जातात. त्यापुढे पेडिओकॉकस हे लॅक्टिक अम्ल तयार करणारे जंतू वाढतात आणि बिअर आंबट होते. या अवस्थेत ती काही काळ तेलासारखी चिकट, तार सुटणारी होते. अननुभवी माणूस ती ओतून देईल. अखेरीस ब्रेटॅनोमायसीज हे मंदगतीचे यीस्ट येते, हा चिकटपणा मोडते, उरलेल्या जटिल शर्करा खाते आणि लँबिकला तिचा ओळखीचा गंध देते. कांतीयाँ या ब्रसेल्समधील ब्रुअरीच्या पिंपांवर आधुनिक आनुवंशिक पद्धतींनी केलेल्या अभ्यासातही (२०१४) साधारण हाच क्रम आढळला.

ब्रेटॅनोमायसीज या नावाचा इतिहास काहीसा मौजेचा आहे. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल क्रिस्टियन हान्सेन यांनी १८८३ मध्ये एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढविण्याची पद्धत काढली आणि बिअर-उद्योगात शुद्धतेचे युग सुरू झाले. कार्ल्सबर्गच्याच क्लाउसेन यांना १९०४ च्या सुमारास असे आढळले की, मुरविलेल्या इंग्लिश बिअरची खास चव शुद्ध यीस्टने येत नाही; तिला आणखी एका यीस्टची गरज असते. त्याला त्यांनी ‘ब्रिटिश बुरशी’ या अर्थाचे ब्रेटॅनोमायसीज हे नाव दिले. पुढे क्युफेरात व व्हान लार यांनी १९२१ मध्ये लँबिकमधून त्याची एक जाती वेगळी केली व तिला ब्रसेल्सचे नाव दिले. द्राक्षमद्य करणारे याच जीवाला रोग मानतात. एकाच यीस्टला एका तळघरात शत्रू आणि दुसऱ्या तळघरात कारागीर ठरविले जाते, ते केवळ चाखणाऱ्याच्या अपेक्षेमुळे.

सेझाँ या फ्रेंच शब्दाचा अर्थ हंगाम. शेतीची कामे थंडावल्यावर हिवाळ्यात ही बिअर करून ठेवावयाची आणि उन्हाळ्यात हंगामी मजुरांना पाजावयाची, अशी तिची उत्पत्ती सांगतात. ही कथा सर्वस्वी खोटी नाही, पण ती जरा जास्तच सुबक आहे. एकोणिसाव्या शतकात लिएज शहराच्या परिसरातही सेझाँ याच नावाची बिअर होत असे आणि तिचा शेतमजुरांशी विशेष संबंध नव्हता. बेल्जियन ब्रूकार व अभ्यासक इव्हाँ द बेट्स यांनी जुन्या सेझाँविषयीची माहिती एकत्र केली आहे (२००४). त्यांच्या मते, ती आजच्यापेक्षा सौम्य, अतिशय कोरडी आणि आंबट किंवा फार कडू असे. लाकडी पिंपांत महिनोन्‌महिने राहिलेली व शुद्ध यीस्ट माहीत नसलेल्या शेतघरात केलेली बिअर आंबट होणे अपरिहार्यच होते. तेव्हा सेझाँ व लँबिक यांतील अंतर आज वाटते तेवढे पूर्वी नव्हते. आजच्या सेझाँचा नमुना म्हणून तूर्प गावच्या द्यूपाँ ब्रुअरीची बिअर सर्वत्र मानली जाते. तिच्यात आकारमानाने ६·५ टक्के अल्कोहॉल असते आणि ती आंबट नसते. मिरी-लवंगेची आठवण करून देणारा गंध, हॉपचा कडवटपणा व विलक्षण कोरडेपणा ही तिची लक्षणे होत.

मिश्रणकार : लँबिकच्या प्रदेशात बिअर उकळणारा व बिअर मिसळणारा हे पुष्कळदा वेगवेगळे असत. मिश्रणकार निरनिराळ्या ब्रुअऱ्यांतून ताजा काढा विकत घेई, आपल्या तळघरातील पिंपांत तो आंबवी, आणि एक, दोन व तीन वर्षे मुरलेली लँबिक एकत्र करून बाटल्यांत भरी. कोवळ्या लँबिकमधील शिल्लक साखर बाटलीत पुन्हा आंबते आणि फेस येतो. जुनी लँबिक खोली व अम्लता देते. या मिश्रणास ग्यूझ म्हणतात. आंबट चेरी घातलेल्या लँबिकला क्रीक, तर साखर घालून गोड केलेल्या हलक्या लँबिकला फारो असे नाव आहे. मिश्रणकाराजवळ ना भट्टी असे ना मोठी यंत्रसामग्री. त्याचे भांडवल म्हणजे पिंपे, बाटल्या, काही वर्षे पैसा अडकवून ठेवण्याची ऐपत आणि जीभ. एकाच दिवशी एकाच काढ्याने भरलेली दोन शेजारची पिंपेही वर्षभरात वेगळ्या चवीची होतात, त्यामुळे प्रत्येक पिंप चाखल्यावाचून गत्यंतर नसते.

हा व्यवसाय विसाव्या शतकात खालावला. पहिल्या महायुद्धात जर्मन फौजांनी ब्रुअऱ्यांतील तांब्याची भांडी जप्त केली. त्यांपैकी पुष्कळ ब्रुअऱ्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. १९०० च्या सुमारास बेल्जियममध्ये तीन हजारांहून अधिक ब्रुअऱ्या होत्या, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे या हानीची कल्पना येते. नंतर स्वच्छ, थंड व स्वस्त लागर बिअरची लाट आली. गोड शीतपेयांवर वाढलेल्या पिढीला आंबट ग्यूझ रुचेना. यावर काही मोठ्या उत्पादकांनी सोपा उपाय शोधला : ग्यूझ गाळावयाची, पाश्चरीकरण करून तिच्यातील जीव मारावयाचे, साखर किंवा सॅकरीन घालून ती गोड करावयाची आणि छोट्या बाटल्यांत विकावयाची. बेल-व्ह्यू या नावाने फिलेमाँ व्हांडेन स्टॉक यांनी उभारलेला धंदा अशा ग्यूझमुळे फार मोठा झाला. त्याने अनेक लहान मिश्रणकारांना विकत घेतले आणि अखेरीस तो स्वतःच एका बहुराष्ट्रीय कंपनीत विलीन झाला. दोष केवळ मोठ्या उत्पादकांचा नव्हता. ग्राहकाला गोड हवे होते आणि ते त्याला मिळाले. मात्र नाव तेच राहिल्याने मूळ चव काय होती, हे ठाऊक असणारेच हळूहळू नाहीसे झाले.

कायद्यानेही या बाबतीत फारशी मदत केली नाही. १९६५ च्या बेल्जियन राजाज्ञेने गव्हाचे किमान प्रमाण व स्वयंस्फूर्त किण्वन या अटी घातल्या. परंतु संपूर्ण बिअर स्वयंस्फूर्त किण्वनाने झालेली असावी, असा अर्थ व्यवहारात निघाला नाही. त्यामुळे लँबिकमध्ये नेहमीच्या यीस्टने आंबविलेली बिअर मिसळूनही ग्यूझ हे नाव लावता येऊ लागले. येथे या नोंदीच्या विषयाशी निकटचा संबंध असलेली गोष्ट दिसून येते. लँबिक व दुसरी बिअर यांचे मिश्रण मुळीच नवे नव्हते. ते अनेक वर्षे बाजारात होते, फक्त ते तसे आहे असे कोठे लिहिलेले नसे.

या ओघाला विरोध करणारे थोडे होते. आंडरलेख्टमधील कांतीयाँ ब्रुअरीने १९७८ मध्ये आपल्या चालू कारखान्यातच ग्यूझचे संग्रहालय उघडले. लेम्बेक येथे फ्रँक बून यांनी सत्तरीच्या दशकात एक जुना मिश्रणव्यवसाय चालविण्यास घेतला, तेव्हा अनेकांना तो वेडेपणा वाटला. मायकेल जॅक्सन (१९४२–२००७) या इंग्रज लेखकाच्या १९७७ च्या जागतिक बिअर-ग्रंथामुळे बेल्जियमच्या बिअरकडे परदेशांचे लक्ष वेधले. सेझाँलाही याचा फायदा झाला. १९९७ मध्ये कारागीर लँबिक उत्पादकांची होराल ही संघटना स्थापन झाली व त्याच वर्षी यूरोपीय संघाने लँबिक व ग्यूझ या नावांना पारंपरिक वैशिष्ट्याची हमी देणारे संरक्षण दिले. ‘जुनी ग्यूझ’ या नावासाठी नियम कडक आहेत : मिश्रणातील सर्वांत जुना घटक लाकडात किमान तीन वर्षे राहिलेला असावा, सर्व घटकांचे भारित सरासरी वय एक वर्षाहून कमी नसावे व बाटलीत पुनर्किण्वन व्हावे. हे संरक्षण पद्धतीचे आहे, स्थानाचे नाही. शँपेनला जे मिळाले ते लँबिकला मिळालेले नाही. २०१६ मध्ये अमेरिकेतील एका ब्रुअरीने ग्यूझ-पद्धतीचा निर्देश करून आपली बिअर विकावयास काढली, तेव्हा बेल्जियन उत्पादकांनी हरकत घेतली आणि वाटाघाटींनंतर वेगळे नाव योजण्यात आले. हा वाद न्यायालयाबाहेरच मिटला, हे उल्लेखनीय आहे. त्याच वर्षी बेल्जियमच्या बिअर-संस्कृतीचा युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश झाला.

उघड मिश्रणाची प्रथा या पुनरुज्जीवनातून पुढे आली. एनो प्रांताच्या टोकाला दोतिन्यी येथे असलेली द रांक ब्रुअरी स्वतःची आंबट बिअर व जिरार्दँ या उत्पादकाची लँबिक एकत्र करून विकते आणि ते लपवीत नाही. वॅलोनियातील पहिला लँबिक-मिश्रणकार म्हणून ओळखला जाणारा तिलकँ हा व्यवसाय २०११ मध्ये भाषिक सीमेलगत सुरू झाला. तोही सुरुवातीस चार उत्पादकांकडून काढा घेई. फ्लेमिश व फ्रेंच भाषकांमधील तेढ बेल्जियमच्या राजकारणात सर्वपरिचित आहे. पिंपांच्या व्यवहारात मात्र ही सीमा कधीच फारशी जाचक नव्हती. सेझाँ व लँबिक यांची जोडी याच प्रथेतील असून बेल्जियमप्रमाणेच अन्य देशांतील लहान उत्पादकही तिचे प्रयोग करतात. अशा मिश्रणास लँबिक किंवा ग्यूझ म्हणणे योग्य नाही. सेझाँ व लँबिक यांचे मिश्रण असेच त्यास म्हणावे लागते.

चाखण्याची रीत : पिंपाच्या तोंडाशी बिअरच्या पृष्ठभागावर यीस्टचा पातळ पापुद्रा येतो व तो बिअरचे हवेपासून रक्षण करतो. तो फाटू नये म्हणून नमुना वरून न काढता पिंपाच्या सपाट बाजूस पाडलेल्या बारीक छिद्रातून काढतात व छिद्र गंजरोधी खिळ्याने पुन्हा बंद करतात. हे काम वारंवार करू नये. प्रत्येक वेळी थोडी हवा आत जातेच आणि हवा मिळाली की ॲसिटिक अम्ल वाढते. चांगल्या-वाईट पिंपांची निवड झाल्यावर मोजपात्रात लहान प्रमाणावर निरनिराळी मिश्रणे करून पाहतात. येथे आकड्यांचा उपयोग मर्यादित असतो. लँबिकचे पीएच मूल्य साधारणतः ३·३ ते ३·५, तर नेहमीच्या बिअरचे ४ ते ४·४ असते. पण जिभेला जाणवते ते या मूल्याहूनही अम्लाचे एकूण प्रमाण व प्रकार. लॅक्टिक अम्लाचा आंबटपणा ताकासारखा मऊ असतो, ॲसिटिक अम्लाचा घशाला टोचतो. शिवाय आंबट व कडू या चवी एकमेकींना साहाय्य करीत नाहीत. हॉपची मात्रा जास्त असलेली सेझाँ लँबिकमध्ये घातल्यास दोहोंचे गुण जाऊन औषधी काढ्यासारखी चव येते. म्हणून मिश्रणासाठी कमी कडू सेझाँ घेतात. तसेच सेझाँने लँबिकची तीव्रता सौम्य होते ही समजूत अर्धीच खरी आहे. मिश्रण जिवंत असते. लँबिकमधील जंतू सेझाँमध्ये उरलेल्या शर्करांवर वाढतात आणि आज सौम्य वाटणारे मिश्रण सहा महिन्यांनी लक्षणीय आंबट झालेले असते. मिश्रणकाराला आजची चव घेऊन पुढच्या वर्षीची चव ठरवावी लागते.

यातील सर्वांत नाजूक बदल गंधाचा आहे. सेझाँचे यीस्ट धान्यातील फेरुलिक अम्लापासून लवंगेच्या वासाचे एक संयुग बनविते. ब्रेटॅनोमायसीज यीस्ट त्याच संयुगाचे रूपांतर धुरकट, मातकट वासाच्या दुसऱ्या संयुगात करते. त्यामुळे मुरलेल्या मिश्रणात लवंग मागे सरते आणि तिच्या जागी चामडे, वाळलेले गवत, घोड्याच्या पाठीवरील घोंगडी अशा शब्दांत वर्णन केला जाणारा वास येतो. वाचकाला हे वर्णन तिरस्करणीय वाटेल. परंतु हिंगाचा वास डबीत कसा असतो आणि फोडणीत कसा होतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याला यात काही विचित्र वाटू नये. पिंपाचा वाटा तुलनेने कमी असतो. वारंवार वापरलेल्या पिंपात लाकडाची स्वतःची चव जवळजवळ उरलेली नसते. ते थोडा प्राणवायू आत झिरपू देते व जीवांना आसरा देते. नवे ओक वापरल्यास व्हॅनिलाचा वास व तुरटपणा येतो आणि तो या बिअरला सहसा शोभत नाही.

बाटली आडवी किंवा उभी ठेवलेली असो, ती हलवू नये. तळाशी यीस्टचा साका असतो. पेय ८° ते १२° से. तापमानाला रुंद पेल्यात ओतावे. फार थंड केल्यास केवळ अम्ल जाणवते व गंध दबतो. प्रथम फेस पाहावा, मग वास घ्यावा. लिंबाची साल, हिरवे सफरचंद, गवत, ओला दगड यांचा भास व्हावा. नखांना लावण्याच्या रंगाचा वास आल्यास एथिल ॲसिटेट वाढलेले आहे असे समजावे. घोट घेतल्यावर आंबटपणा, मग तिखटसर मसालेदारपणा व शेवटी तोंड कोरडे करणारा किंचित तुरटपणा असा क्रम चांगल्या मिश्रणात आढळतो. गिळल्यानंतर काही क्षण थांबणे आवश्यक आहे, कारण एक दोष त्यानंतरच कळतो. त्यास ‘उंदराची चव’ म्हणतात. तो ज्या संयुगांमुळे येतो त्यांना आम्लधर्मी पेयात गंध नसतो. लाळेने अम्लता घटली की ती जाणवू लागतात. काहींना हा दोष जाणवतच नाही, म्हणून एकट्या मिश्रणकाराच्या जिभेवर विसंबणे धोक्याचे ठरते. बाटल्या काही महिने ठेवल्यास हा दोष बहुधा आपोआप जातो. तशा बाटल्या घाईने विकल्यास मिश्रणकाराचे नाव मात्र जाते.

सेझाँ शीतकरणाच्या साह्याने बारमाही करता येते. लँबिकला अद्याप थंड रात्रींचीच वाट पाहावी लागते. नोव्हेंबर २०१५ मधील उबदार हवामानामुळे कांतीयाँ ब्रुअरीला काही घाणे टाकून द्यावे लागले व काम थांबवावे लागले. टाकून दिलेल्या घाण्याची उणीव त्या वर्षी दिसत नाही. ती दोन-तीन वर्षांनी, जुनी लँबिक कमी पडल्यावर मिश्रणात दिसते. काढा विकत घेऊन मिश्रण करणाऱ्यांना प्रथम नकार मिळतो तो अशाच वर्षी.